एका दिवसांत पांच गांवें

इटलीच्या वायव्य किनाऱ्यावर चिंक्वे तेर्रे नांवाचा एक लहानसा प्रदेश आहे. नांवाचा अर्थ 'पांच भूमि' असा होतो. प्रत्यक्षांत तीं समुद्रालगतचीं पांच खेडीं आहेत: मोन्तेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्निल्या, मानारोला आणि रिओमाज्जोरे. सहलींच्या जाहिरातींत ह्या नांवांपुढें बहुधा एक वाक्य आढळतें, कीं हीं पांचही गांवें एका दिवसांत सहज पाहून होतात. 'पाहून होतात' ह्या शब्दांवरच माझा आक्षेप आहे. एक दिवसाची सहल ही कांहीं वाईट गोष्ट नव्हे. ज्याला पोटासाठीं आठवडाभर राबावयाचें आहे, त्याच्या वांट्याला एकच मोकळा दिवस येतो, आणि तो त्यानें समुद्रकांठीं घालविला तर त्यांत कोणाचें काय बिघडलें? आक्षेप दिवसाला नाहीं, पांचाला आहे.

प्रथम ती जागा कशी आहे तें सांगतों. जिनोआ आणि ला स्पेत्सिया ह्या दोन बंदरांमधील ह्या भागांत डोंगर थेट समुद्रांत उतरतो. मध्यें सपाट जमीन म्हणून जवळजवळ नाहींच. एखादा ओढा जेथें समुद्रास मिळतो तेथें, किंवा खडकाच्या एखाद्या माथ्यावर, घरें एकमेकांच्या खांद्यावर उभीं राहिल्यासारखीं रचलेलीं आहेत. कोर्निल्या तेवढें समुद्रापासून सुमारें १०० मीटर उंचीवर कड्यावर बसलें आहे. त्याला बंदर नाहीं. आगगाडीच्या स्थानकावरून पायीं गांवांत जावयाचें तर विटांचा एक जिना चढावा लागतो, आणि त्या जिन्याचे टप्पेच ३३ आहेत. उलट वेर्नात्साला सुंदर नैसर्गिक बंदर लाभलें आहे. तेथील संत मार्गारेटचें प्रार्थनामंदिर अगदीं लाटांच्या कांठावर उभें आहे. मानारोला येथें एका निवृत्त रेल्वे कामगारानें टाकाऊ वस्तूंपासून बाळ येशूच्या जन्माचा देखावा गांवावरच्या टेकडीवर उभा केला, आणि नाताळांत तो दिव्यांनीं उजळूं लागला. तो पाहण्यास पुढें दूरदूरचे लोक येऊं लागले.

जिनोआ आणि ला स्पेत्सिया ह्यांना जोडणारा लोहमार्ग १८७४ सालीं पूर्ण झाला. तोंपर्यंत ह्या गांवांना बाहेरचें जग म्हणजे एक होडी, नाहीं तर डोंगरावरची खेचरांची वाट. आज गाडी एका गांवाहून दुसऱ्या गांवीं अवघ्या कांहीं मिनिटांत पोंचते. परंतु गंमत अशी, कीं हीं मिनिटें बहुतेक बोगद्यांतच जातात. जो प्रवासी किनारा पाहण्यास म्हणून गाडींत बसतो, त्याच्या खिडकींत काळोख असतो. काळोख, मग गजबजलेला फलाट, मग एक छायाचित्र, आणि पुन्हां काळोख. असें पांच वेळां झालें कीं पांच गांवें 'झालीं'.

ही संवय मोठ्यांची आहे, पण ती मुलांत फार लवकर उतरते. सुटीनंतर वर्गांत 'कोठें गेला होतास?' असें विचारलें, कीं मुलगा बोटांवर नांवें मोजूं लागतो. ज्याचीं बोटें अधिक मिटलीं तो जिंकला. 'तेथें काय पाहिलेंस?' असें पुढें विचारावें, तर बोटें थांबतात. पालकांनीं ह्याचा दोष मुलावर घालूं नये. आपण ज्या सहली निवडतों, त्यांच्या पत्रकांतही नांवांची यादीच ठळक अक्षरांत छापलेली असते.

आतां त्या किनाऱ्यावर पाहण्यासारखें मुख्य काय आहे? माझ्या मतें, गांवें नव्हेत. गांवांच्या वरचा डोंगर. दुरून तो हिरव्या पायऱ्यांचा दिसतो. ह्या पायऱ्या निसर्गानें केलेल्या नाहींत. सुमारें हजार वर्षें तेथील शेतकऱ्यांनीं उतारावरचें रान तोडलें, त्याच उतारांतले दगड फोडले, आणि चुना किंवा माती न लावतां ते एकावर एक रचून आडव्या भिंती घातल्या. कोंकणांत ज्याला गडगा म्हणतात, तीच ही जात. भिंतीच्या मागें बारीक दगड भरावयाचे, त्यावर माती ओतावयाची, आणि त्या हातभर रुंद जमिनींत द्राक्षाची वेल लावावयाची. अशी भिंत चुन्याची नसते, हेंच तिचें बळ आहे. पावसाचें पाणी दगडांच्या फटींतून हळूहळू झिरपून जातें, मागें सांचून राहत नाहीं, आणि म्हणून भिंत ढकलली जात नाहीं. चुन्यानें बांधलेल्या भिंतीला पाणी जाण्यास वाट ठेवली नाहीं, तर मागें सांचलेलें पाणी तिला लोटतें. ज्यांना शाळा माहीत नव्हती अशा माणसांनीं हें शास्त्र हातानें शोधून काढलें आणि हातानेंच पुढच्या पिढीला दिलें. २०१८ सालीं युनेस्कोनें बिनचुन्याचे दगड रचण्याची ही विद्या मानवजातीच्या अमूर्त वारशांत नोंदविली. इटलीसह युरोपांतील आठ देशांनीं मिळून ती मागणी केली होती. हा किनारा तर १९९७ पासूनच जागतिक वारसा म्हणून गणला जातो, आणि १९९९ सालीं तो राष्ट्रीय उद्यान झाला.

वेली येथें फार उंच वाढूं देत नाहींत. समुद्रावरचा वारा त्यांना झोडपतो. द्राक्षें काढल्यावर कांहीं निवडक घड सावलींत वाळत ठेवतात आणि त्यांपासून शाक्केत्रा नांवाचा गोड द्राक्षरस मुरवितात. पूर्वी द्राक्षांच्या पाट्या डोक्यावरून आणि खांद्यावरून वाहून नेत. आतां कांहीं ठिकाणीं एकाच रुळावरून चालणारी लहानशी यंत्रगाडी तें ओझें नेते. पण यंत्रगाडी गडगा रचीत नाहीं. तो अजूनही गुडघ्यावर बसून, एक एक दगड फिरवून पाहून रचावा लागतो.

असा गडगा सोडून दिला तर काय होतें? पहिल्या वर्षीं कांहींच होत नाहीं. मग त्याला पोट येतें, मधला एखादा दगड निसटतो, पाणी आपली वाट सोडून त्या भोंकांतून धांवूं लागतें, आणि एके दिवशीं वरची माती खालच्या गडग्यावर येऊन कोसळते. ह्या डोंगरावरील पायऱ्यांचा मोठा भाग आज ओसाड आहे. १८६९ सालीं ला स्पेत्सियास आरमाराचा कारखाना सुरू झाला, मागून आगगाडी आली, आणि तरुण माणसें नियमित पगाराकडे वळलीं. त्यांना बोल लावण्याचा अधिकार मला तरी वाटत नाहीं.

२५ ऑक्टोबर २०११ रोजीं ह्या भागांत कांहीं तासांतच भयंकर पाऊस झाला. डोंगरावरून चिखल आणि धोंडे वेर्नात्सा आणि मोन्तेरोस्सो ह्या दोन गांवांत शिरले. खालचे मजले बुजून गेले. वेर्नात्सांत तिघे मृत्यु पावले. मोन्तेरोस्सोंत इतरांना वांचवितांना एक स्वयंसेवक वाहून गेला. सर्व दोष पडक्या गडग्यांचा असें मी म्हणत नाहीं; तसला पाऊस कोणत्याही डोंगराला जड गेला असता. परंतु मागाहून झालेल्या पाहणींत असें दिसून आलें, कीं अलीकडच्या काळांत ओसाड पडलेल्या पायऱ्यांवर दरडी अधिक सुटल्या. वर गडगा रचणारा माणूस हा खालच्या गांवाचा पहारेकरी होता, आणि पहारा उठला होता.

हा पहारा उठण्याशीं आपल्या एक दिवसाच्या सहलीचा संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध असा. ला स्पेत्सिया बंदरांत मोठमोठीं प्रवासी जहाजें लागतात. त्यांवरील मंडळी सकाळीं उतरतात, गाडीनें पांच गांवें फिरतात, आणि जेवावयास पुन्हां जहाजावर जातात. फ्लॉरेन्सहून येणारेही बहुधा संध्याकाळच्या आंत परततात. हे सर्व लोक ज्या हिरव्या पायऱ्यांचीं छायाचित्रें घरीं नेतात, त्या पायऱ्या कोणाच्या तरी पाठीच्या कष्टावर उभ्या आहेत. परंतु त्या कष्टकऱ्याच्या हातीं ह्यांपैकीं कांहींच पडत नाहीं. उलट गांवांतल्या माणसाला दिसतें, कीं उतारावर मरमर राबण्यापेक्षां घरांतली एक खोली भाड्यानें दिली तर थोड्या श्रमांत अधिक पैसा मिळतो. तो खोली भाड्यानें देतो. गडगा पडतो.

दुसरी बाजूही खरी आहे, आणि ती न सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल. पाहुणे आले नसते तर हीं गांवें कदाचित् केव्हांच रिकामीं झालीं असतीं. दारिद्र्य चित्रांत सुंदर दिसतें. त्यांत राहणाऱ्याला तें सुंदर वाटत नाहीं. म्हणून 'पाहुण्यांनीं येऊंच नये' असें म्हणणाऱ्यांच्या पंक्तीला मी बसणार नाहीं.

मग पाहुण्याकडून प्रवेशाचे पैसे घ्यावेत काय? व्हेनिस नगरानें २५ एप्रिल २०२४ पासून ठराविक दिवशीं एक दिवसाच्या पाहुण्यावर ५ युरोंचा कर बसविला. २०२५ सालीं असे दिवस वाढविले आणि ऐनवेळीं येणारास १० युरो आकारले. चिंक्वे तेर्रे येथेंही रिओमाज्जोरे आणि मानारोला ह्यांना जोडणारी, कड्याच्या कुशींतून जाणारी सुमारें एक किलोमीटरची 'प्रेमाची वाट' २०१२ सालीं दरड कोसळून कांहीं प्रवासी जखमी झाल्यावर बंद झाली. ती २०२४ सालीं पुन्हां उघडली, तेव्हां बाहेरच्यांस पैसे भरून आणि आधीं वेळ ठरवून जाण्याचा नियम झाला. रहिवाश्यांस मात्र ती मोकळी ठेवली.

ह्यांतील वेळ ठरविण्याचा नियम मला अधिक न्याय्य वाटतो. पैशानें गर्दी आवरूं म्हटलें, तर जहाजावरच्या श्रीमंताला ५ युरो म्हणजे कांहींच नाहीं, तो येणारच. अडतो तो चार मुलांना घेऊन आलेला साधा कारकून, किंवा पाठीवर पिशवी टाकून निघालेला विद्यार्थी. वेळेचा नियम सर्वांना सारखाच लागू पडतो. पांच गांवें मोजणारास तो जाचक वाटेल, एकच गांव पाहणारास वाटणार नाहीं. पैसे घ्यावयाचेच असतील तर खुशाल घ्यावेत, परंतु त्यांतले किती गडग्यांवर खर्च झाले तें दर वर्षीं त्याच स्थानकावर फळ्यावर लिहावें. तसा हिशेब नसेल तर तो कर नव्हे. ती दारावरची वसुली.

मोन्तेरोस्सोचें नांव साहित्यांत अजरामर करणारा कवि म्हणजे एउजेनिओ मोन्ताले. हा जिनोआचा, बालपणींच्या उन्हाळी सुट्या त्यानें ह्याच गांवीं घालविल्या. १९२५ सालीं त्याचें पहिलें पुस्तक निघालें, त्यांत हाच कोरडा, उन्हानें तापलेला किनारा आहे. १९७५ सालीं त्याला नोबेल पारितोषिक मिळालें. त्याच्या बालपणीं शेजारचीं चार गांवें दूर नव्हतीं. गाडी तेव्हांही धांवत होती. पण तो पुन्हां पुन्हां त्याच एका कांठावर आला. सर्वांनींच कवि व्हावें असें नाहीं, परंतु एकाच जागेकडे अनेकदां पाहिल्यानें काय सांपडतें ह्याचा हा एक पुरावा आहे.

एकच दिवस हातीं असलेल्या कुटुंबाला मी पुढीलप्रमाणें सुचवीन. मोन्तेरोस्सोला सकाळच्या पहिल्या गाड्यांपैकीं एखादीनें उतरावें आणि वेर्नात्सापर्यंत पायीं जावें. अंतर साडेतीन किलोमीटरांच्या आसपास, पण चढउतार आणि दगडी पायऱ्या पुष्कळ; मुलें बरोबर असल्यास दोन तास सहज लागतील. पायांत चांगले बूट असावेत. सपाता घालून डोंगरवाटेवर येणाऱ्यांस दंड करण्याचें उद्यानाच्या चालकांनीं २०१९ सालीं जाहीर केलें होतें, आणि त्यांत मला कांहीं गैर दिसत नाहीं. घसरलेल्या माणसाला खालीं आणण्यास गांवचेच लोक धांवतात. पावसाचा इशारा असल्यास वाटा बंद ठेवतात. तेव्हां हुज्जत घालूं नये. वाटेंत एखाद्या गडग्यापाशीं मुलांना थांबवावें आणि दगड कसे बसविले आहेत तें नीट पाहूं द्यावें. दगडावर चढूं मात्र देऊं नये. मोन्तेरोस्सोंत खारवलेली लहान मासळी नांवाजलेली आहे. ती पावाबरोबर बांधून घ्यावी आणि गांवांतच विकत घ्यावी.

दुपार वेर्नात्साच्या धक्क्यावर बसून घालवावी. परततांना, समुद्र शांत असल्यास, गाडीऐवजीं होडी घ्यावी; होडींतूनच हा सर्व डोंगर एका दृष्टींत येतो, आणि कोठें पायऱ्या शाबूत आहेत व कोठें झुडपांनीं गिळल्या आहेत तेंही तेथूनच स्पष्ट दिसतें. होडी मानारोला आणि रिओमाज्जोरे ह्यांच्या समोरून जाईल. कोर्निल्या वर कड्यावर दिसेल, तेथें ती लागत नाहीं. ह्या तीन गांवांकडे मुलांनीं खुशाल हात हालवावेत. फक्त सुटीनंतर वहींत तीं 'पाहिलेल्या' गांवांत लिहूं नयेत, एवढी अट माझी आहे.