चुकलं तर सिस्टरचं, बरोबर आलं तर कुणाचं?

मागच्या महिन्यात एका आरोग्य शिबिरात जेवणाच्या सुट्टीत गप्पा चालल्या होत्या. एक तरुण कार्यकर्ती हसत म्हणाली, "ताई, मला गणित कधी जमलंच नाही. मी खरं तर नर्सिंगलाच जायला हवं होतं!" सगळ्या हसल्या, मीही हसले. पण परतताना एस.टी.त ते वाक्य टोचत राहिलं. मला नर्सिंगला घालताना माझे काकाही हेच म्हणाले होते, "पोरीला आकडे जमत नाहीत, सेवा जमेल." त्यानंतर सरकारी रुग्णालयात ३१ वर्षं अधिपरिचारिका म्हणून मी दर पाळीला आकडेमोडच केली. त्या आकडेमोडीला कुणी काम म्हटलं नाही, म्हणून हे लिहिते आहे.

साध्या सलाईनपासून सुरुवात करू. डॉक्टर केसपेपरवर लिहितात, ५०० मिलिलिटर ८ तासांत. नळीला तास कळत नाहीत, तिला थेंब कळतात. नेहमीच्या सेटमधून २० थेंब पडले की १ मिलिलिटर होतो. म्हणजे १०,००० थेंब ४८० मिनिटांत, मिनिटाला साधारण २१. घड्याळाचा सेकंदकाटा बघत, रेग्युलेटरचं चाक फिरवत ते जमवायचं. लहान मुलांसाठी असलेल्या मायक्रो सेटचे मात्र ६० थेंब म्हणजे १ मिलिलिटर. घाईत सेट बदलला आणि थेंब तेच ठेवले, तर औषध तिप्पट जातं किंवा तिसरा हिस्साच जातं. थेंब दिसायला सारखेच दिसतात.

आता पंप आले आहेत. बायका म्हणतात, "मशीन आहे, तुम्हाला काय काम उरलं?" पंपाला फक्त एवढंच कळतं की तासाला किती मिलिलिटर ढकलायचे. सिरिंजमध्ये कोणतं औषध आहे, किती घट्ट आहे आणि खाटेवरच्या बाईचं वजन किती, हे त्याला ठाऊक नसतं. तो हिशोब सिस्टरच करते.

२०११ सालची एक रात्र सांगते. रक्तदाब अगदी खाली गेलेली एक शेतमजूर बाई आली. निवासी डॉक्टरांनी डोपामिन लिहिलं, दर किलो वजनाला मिनिटाला ५ मायक्रोग्रॅम. वजनाच्या जागी अंदाजाने ६० किलो. २०० मिलिग्रॅम औषध पातळ करून ५० मिलिलिटर करायचं, म्हणजे १ मिलिलिटरमध्ये ४,००० मायक्रोग्रॅम. ६० किलोला तासाला १८,००० मायक्रोग्रॅम लागतात, म्हणून पंपावर ४.५. पण मी तिचं मनगट हातात धरलं होतं. ते ६० किलोच्या बाईचं नव्हतं. तिच्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, "मागच्या महिन्यात आशाताईंनी वजन केलं, ४० भरलं." ४० किलोला तासाला १२,००० मायक्रोग्रॅम, म्हणजे पंपावर ३. कागदाप्रमाणे लावलं असतं, तर तिला दीडपट औषध गेलं असतं. या औषधाचं प्रमाण वाढलं की हृदय धावू लागतं, ठोके बिघडतात.

मी डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "सिस्टर, लिहिलंय तेवढं करा." मी केसपेपरच्या मागे मांडलेला हिशोब त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो पाहिला, आकडा खोडला, नवा लिहून सही केली. माणूस वाईट नव्हता, ३० तासांचा जागा होता. पण केसपेपरवर उरली ती फक्त त्यांची सही. जो हिशोब बरोबर आला, त्यावर माझं नाव कुठेच नव्हतं.

नाव येतं ते चुकल्यावर. एका प्रसूतिकक्षात माझ्यासोबतच्या एका कंत्राटी मुलीची गोष्ट. कळा वाढवण्यासाठी ऑक्सिटोसिन लिहिलं होतं. अडीच युनिट ५०० मिलिलिटरमध्ये, मिनिटाला १० थेंबांपासून सुरू. अँप्युल असते ५ युनिटची. म्हणजे अर्धीच घालायची. त्या वेळी एका बाईचं डोकं दिसू लागलं होतं, दुसरी ओरडत होती, आणि कक्षात पाच बायांना मिळून ही एकटी. तिने पूर्ण अँप्युल घातली. थेंब १० च, पण औषध दुप्पट. कळा एकीवर एक येऊ लागल्या, बाळाचे ठोके मंदावले. परिसेविकाबाईंच्या लक्षात आलं, ड्रिप बंद केली. बाळ आणि बाळंतीण दोघं वाचली. दुसऱ्या दिवशी मुलीच्या हातात मेमो आला, महिनाअखेरीस कंत्राट संपलं. मेमोत "निष्काळजीपणा" हा शब्द होता. पाच बायांमागे एक, हा आकडा नव्हता.

माझीही एक चूक आहे. आजवर कुठे सांगितली नाही. एका पहाटे पंपावर ३ ऐवजी ३० दाबले. लावल्यावर पुन्हा वाचायची सवय होती, म्हणून मिनिटभरात दिसलं आणि थांबवलं. रुग्णाला काही झालं नाही. पण मी ते कुणाला सांगितलं नाही, रजिस्टरात लिहिलं नाही. मेमोची भीती वाटली. मी लिहिलं असतं, तर त्या पंपावर दशांशाचा ठिपका नीट दिसत नाही हे पुढच्या मुलीला कळलं असतं. शिक्षेच्या भीतीने आम्ही गप्प बसतो, आणि तीच चूक दुसऱ्या वॉर्डात दुसऱ्या रुग्णाच्या वाट्याला येते.

शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात ३ रुग्णांमागे १ आणि साध्या रुग्णालयात ५ मागे १ परिचारिका, असं प्रमाण भारतीय परिचर्या परिषदेने कागदावर कधीचंच घालून दिलं आहे. मी कितीतरी रात्री एकटीने ४० रुग्ण सांभाळले. खासगीतली गत आणखी वेगळी. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या केंद्राच्या समितीने, ५० खाटांच्या आतल्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला महिना २०,००० रुपयांहून कमी पगार नसावा, अशी शिफारस केली. माझ्या ओळखीच्या मुली अजूनही त्याच्या निम्म्यावर राबताहेत. कामाला सेवा म्हटलं की मोल मागायची लाज वाटू लागते. घरातल्या कामाचं जे झालं, तेच इथे झालं. आणि ज्या कामात डोकं लागतं, ते बाईचं म्हणून ओळखलंच जात नाही.

मैत्रिणींनो, हलगर्जीने दगावलेल्या बायांसाठी आपण मोर्चे काढले, ते काढलेच पाहिजेत. सिस्टरला माफ करा, असं मी म्हणत नाही. चुकीच्या आकड्याने मरणारीही बहुतेक वेळा गरीब बाईच असते, जिचं वजन कुणी केलेलं नसतं. म्हणून पुढच्या वेळी निवेदन देताना एका सिस्टरच्या निलंबनावर समाधान मानू नका. त्या रात्रीचं ड्युटीचं वेळापत्रक मागा. खाटा किती आणि सिस्टर किती, ते विचारा.

आणि एवढ्या मागण्या आपल्या यादीत घाला. प्रत्येक वॉर्डात चालू वजनकाटा असावा, ज्यांना उभं राहता येत नाही त्यांच्या वजनाचीही सोय असावी आणि केसपेपरवर खरं वजन लिहिलं जावं. ऑक्सिटोसिन, इन्सुलिन, हेपारिन, पोटॅशियम यांसारख्या औषधांचा हिशोब दुसऱ्या सिस्टरने पहिलीचं उत्तर न बघता स्वतंत्र करावा, आणि त्यासाठी दुसरी सिस्टर ड्युटीवर असावी. औषध किती पातळ करायचं, याचा एकच तक्ता रुग्णालयभर लावावा. चूक किंवा होता होता टळलेली चूक लिहिणारीला शिक्षा होऊ नये. आणि हिशोब करणारीची सही केसपेपरवर असावी, बरोबर आला तेव्हाही.

शिबिरातल्या त्या मुलीला मी पत्र पाठवलं आहे. सोबत एक उदाहरण घातलं आहे: ४५ किलोची बाई, तेच डोपामिन, तेवढंच पातळ केलेलं, तेच ५ मायक्रोग्रॅम. पंपावर किती लावशील? उत्तर यायचं आहे. तुम्हीही करून पाहा. मात्र रात्री तीन वाजता, बाजूच्या खाटेवरून कुणी तरी हाक मारत असताना करा.