फाशीच्या शिक्षेबाबतचे जनमत आणि तपास व न्यायप्रक्रियेतील सुधारणांच्या मागण्यांचे निवेदन

प्रति,
मा. गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

मार्फत : मा. जिल्हाधिकारी, नाशिक

विषय : गंभीर गुन्ह्यांत खऱ्या गुन्हेगारास वेळेत व निश्चित शिक्षा व्हावी, यासाठी तातडीने कार्यवाही करणेबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे नाशिक जिल्ह्यातील नागरिक हे निवेदन सादर करीत आहोत. फाशीच्या शिक्षेबाबत आमच्यात एकमत नाही. लहान मुलीवर अत्याचार करून तिचा जीव घेणाऱ्याला जगण्याचा अधिकार नाही, असे आमच्यापैकी काहींचे ठाम मत आहे. चूक झाल्यास परत घेता येणार नाही अशी शिक्षा राज्याने देऊ नये, असे इतरांना वाटते. तरीही खालील मागण्यांवर दोन्ही बाजूंच्या सह्या आहेत.

कोपर्डी येथे एका मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाल्यानंतर 2016 मध्ये राज्यभर निघालेल्या मोर्चांत नराधमांना फाशी द्या, ही पहिली मागणी होती. नोव्हेंबर 2017 मध्ये अहमदनगरच्या सत्र न्यायालयाने त्या प्रकरणातील तिघांना फाशी सुनावली. डिसेंबर 2021 मध्ये विधिमंडळाने बलात्काराच्या अतिगंभीर प्रकरणांत फाशीची तरतूद असलेले शक्ती विधेयक मंजूर केले; ते कायद्याच्या रूपात अमलात आले नाही. राज्यात शेवटची फाशी 30 जुलै 2015 रोजी नागपूर कारागृहात दिली गेली. लोकांचा संताप खरा आहे. परंतु त्या संतापाला शासनाकडून मिळणारे उत्तर बहुतेक वेळा घोषणेपुरतेच राहते.

आमच्याच जिल्ह्यातील एक प्रकरण आपल्या निदर्शनास आणून देतो. जून 2003 मध्ये नाशिकजवळ एका कुटुंबातील पाच जणांची हत्या झाली व महिलांवर अत्याचार झाले. पोलिसांनी भटक्या जमातीतील सहा जणांना आरोपी केले. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांच्या फाशीवर शिक्कामोर्तब केले. पुढे पुनर्विलोकनात प्रकरण नव्याने ऐकले गेले आणि 5 मार्च 2019 रोजी त्याच न्यायालयाने सर्वांना निर्दोष सोडले. प्रत्यक्षदर्शी महिलेने पोलिसांकडील छायाचित्रांतून दुसऱ्याच चौघांना ओळखले होते, पण त्या दिशेने तपासच झाला नव्हता. न्यायालयाने प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्यास सांगितले आणि दोषी अधिकाऱ्यांवर विभागीय कारवाईचे निर्देश दिले. सहा निरपराध माणसांची सोळा वर्षे गेली. ज्यांनी ते कृत्य केले, त्यांना मात्र या खटल्यात शिक्षा झाली नाही. फाशी हवी असणाऱ्यांनाही अशी फाशी नको आहे.

दुसरे प्रकरण पुण्यातील आहे. 2007 मध्ये कंपनीच्या गाडीने कामावर निघालेल्या तरुणीवर बलात्कार करून तिचा खून करण्यात आला. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघांची फाशी कायम केली. मे 2017 मध्ये राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला, तरी फाशीचे वॉरंट निघायला एप्रिल 2019 उजाडला. या विलंबामुळेच मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2019 मध्ये फाशी रद्द करून 35 वर्षांची कैद दिली आणि डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. मुले पळवून त्यांचे खून करणाऱ्या कोल्हापूरच्या दोन बहिणींच्या प्रकरणातही जानेवारी 2022 मध्ये विलंबाच्याच कारणाने फाशीची जन्मठेप झाली. शिक्षा कायद्याच्या पुस्तकात कितीही कडक असली, तरी फाइल टेबलावर पडून राहिली तर तिचा धाक उरत नाही.

फाशीने गुन्हे थांबतात का, या प्रश्नावर विधी आयोगाने ऑगस्ट 2015 च्या 262 व्या अहवालात नोंदवले आहे की, जन्मठेपेपेक्षा फाशीचा धाक अधिक असल्याचा पुरावा नाही. दहशतवादाशी संबंधित गुन्हे व देशाविरुद्ध युद्ध पुकारणे वगळता फाशी रद्द करावी, अशी शिफारसही आयोगाने केली. लैंगिक अत्याचारविषयक कायद्यांच्या फेरविचारासाठी नेमलेल्या न्या. वर्मा समितीनेही जानेवारी 2013 मध्ये बलात्कारासाठी फाशी सुचवली नव्हती. बलात्काराच्या बहुसंख्य प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा, कधी घरातलाच असतो. त्याला फाशी होईल या भीतीने घरच्यांकडूनच तक्रार दाबली जाण्याचा धोका आहे. आपण पकडले जाणार आणि सुटणार नाही, ही खात्रीच गुन्हेगाराला अडवते, असे आमचे मत आहे.

म्हणून आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत :

1. पुण्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या डिसेंबर 2024 च्या निकालातील निर्देशानुसार गृह विभागात दयाअर्जांसाठी स्वतंत्र कक्ष पूर्ण क्षमतेने चालवावा आणि अशा प्रत्येक प्रकरणाची सद्यःस्थिती जाहीर करावी.

2. नाशिकच्या 2003 मधील प्रकरणात दोषी अधिकाऱ्यांवर काय कारवाई झाली आणि खऱ्या गुन्हेगारांच्या शोधाचे काय झाले, याचा लेखी खुलासा करावा.

3. सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांची घटनास्थळी भेट नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने बंधनकारक केली आहे. त्यासाठी प्रयोगशाळांतील रिक्त पदे भरावीत व डीएनए अहवालाची कालमर्यादा ठरवून ती पाळावी.

4. साक्षीदार संरक्षणाची व्यवस्था तालुका पातळीवर प्रत्यक्ष उपलब्ध करावी. साक्षीदार फितूर झाला की खटला कोसळतो, हे सरकारी वकिलांनाही ठाऊक आहे.

5. फाशी होऊ शकणाऱ्या खटल्यांत गरीब आरोपीला अनुभवी वकील मिळावा. सर्वोच्च न्यायालयाच्या 2022 च्या मनोज प्रकरणातील निकालानुसार आरोपीची सामाजिक व मानसिक पार्श्वभूमी सत्र न्यायालयापुढेच यावी.

6. मनोधैर्य योजनेतील मदत पीडितेला फेऱ्या न मारता ठरल्या मुदतीत मिळावी.

7. गंभीर गुन्ह्यांचे जिल्हानिहाय वार्षिक विवरण प्रसिद्ध करावे : तपासाला लागलेला काळ, निकालाला लागलेला काळ, दोषसिद्धी आणि निर्दोष सुटकेची कारणे.

8. निकालापूर्वी कोणाही मंत्र्याने वा पोलीस अधिकाऱ्याने आरोपीला फाशी देण्याचे जाहीर आश्वासन देऊ नये. शिक्षा ठरवणे हे न्यायालयाचे काम आहे; भक्कम पुरावा न्यायालयापुढे ठेवणे हे शासनाचे.

महोदय, यातील बहुतेक मागण्यांसाठी नवा कायदा लागत नाही. लागतो तो निधी, मनुष्यबळ आणि जबाबदारी निश्चित करण्याची तयारी. या मागण्यांवर केलेल्या कार्यवाहीची माहिती आम्हांस लेखी कळवावी, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
नाशिक जिल्ह्यातील नागरिक
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)

प्रत माहितीसाठी :
1. मा. अपर मुख्य सचिव, गृह विभाग
2. मा. पोलीस महासंचालक, महाराष्ट्र राज्य
3. मा. सदस्य सचिव, राज्य विधी सेवा प्राधिकरण