बाथरूम तुमचं, छत खालच्याचं

दिवाळी आटोपली की मुंबई-ठाण्याच्या सोसायट्यांमध्ये ब्रेकरची घरघर सुरू होते. कुठे जुन्या लाद्या निघतात, कुठे भारतीय संडास जाऊन कमोड येतो. त्याबरोबर वाचकांचा ठरलेला प्रश्नही येतो : बाथरूम नव्याने करायला महापालिकेची परवानगी लागते का?

मुंबईपुरतं उत्तर कायद्यातच आहे. मुंबई महानगरपालिका अधिनियम, 1888 च्या कलम 342 नुसार इमारतीत भर घालायची किंवा फेरबदल करायचे तर आधी आयुक्तांना नोटीस द्यावी लागते. ज्याला पालिकेत ‘टेनंटेबल रिपेअर्स’ म्हणतात, त्या किरकोळ दुरुस्तीला मात्र सूट आहे. लाद्या बदलणं, प्लास्टर, रंग, संडास-न्हाणीघराची दुरुस्ती, नळ, ड्रेनेजचे पाइप, विजेचं फिटिंग हे सगळं तिच्यात बसतं. बांधकामाची लांबी-रुंदी-उंची बदलणं, भार पेलणारी भिंत किंवा खांब-तुळई काढणं, जमीन खाली उतरवणं किंवा नवा माळा घालणं मात्र बसत नाही. गीझर आणि अडगळीसाठी बाथरूमवर सहज टाकला जाणारा माळाही त्यात आला.

ही सवलत मला योग्यच वाटते. फुटका पाइप बदलायला वॉर्ड ऑफिसात खेटे घालायला लावणारा कायदा कोणीही पाळणार नाही. अडचण वेगळीच आहे. ‘दुरुस्ती’ म्हणून सुरू झालेलं काम फेरबदलाची हद्द कधी ओलांडतं, हे घरमालक विचारत नाही आणि कंत्राटदार सांगत नाही. बाथरूम दोन फूट वाढवून बेडरूममध्ये घेतलं, किचनच्या जागी संडास नेला की ती दुरुस्ती उरत नाही. खाली जलरोधक जमीन असल्याशिवाय संडास-बाथरूम दुसऱ्याच्या राहत्या खोलीवर येऊ नये, असं राष्ट्रीय इमारत संहिताही सांगते. मूळ बाथरूमखालचा स्लॅब बहुधा खोलगट ठेवलेला असतो, त्यात पाइप आणि वॉटरप्रूफिंग बसतं. बेडरूमखाली तो खोलगा नसतो. मग जमीन उंच करावी लागते किंवा पाइप खालच्या घराच्या छतातून काढावा लागतो.

जमीन उंच करणं म्हणजे वजन वाढवणं. दोन इंच कोबा घातला की चौरस मीटरमागे साधारण 100 किलो भार वाढतो. घरगुती बाथरूमच्या स्लॅबवर माणसं आणि सामान मिळून जो वापराचा भार धरायचा, तो आयएस 875 या मानकात चौरस मीटरला सुमारे 200 किलो आहे. म्हणजे त्याच्या निम्मं ओझं नुसत्या कोब्याने कायमचं चढतं. जुना कोबा न काढता त्यावर नवा थर, त्यावर जाड टाइल्स, मग विटांची नवी भिंत. चाळीस वर्षांच्या स्लॅबला हे झेपेल का, याचं उत्तर गवंड्याकडे मागून चालणार नाही. ते स्ट्रक्चरल इंजिनिअरनेच द्यायचं असतं.

25 जुलै 2017 रोजी घाटकोपरची सिद्धी साई इमारत कोसळून 17 जणांचा जीव गेला. तळमजल्यावर चाललेल्या नूतनीकरणात खांबांना हात लावल्याचा आरोप तेव्हा झाला. आपल्या चार भिंतींच्या आत आपण काय तोडतो, हा केवळ आपला प्रश्न नसतो, हे त्या दिवसानंतर कोणाला समजावून सांगावं लागू नये.

पालिकेने सूट दिली तरी सोसायटी सुटत नाही. आदर्श उपविधींनुसार फ्लॅटमध्ये फेरबदल करण्याआधी समितीची लेखी परवानगी हवी. संडास, सिंक यांच्या आतल्या गळतीचा खर्चही त्या सभासदाचाच. पण प्रत्यक्षात समित्या काय विचारतात? डिपॉझिट किती, कामगारांनी कोणती लिफ्ट वापरायची, दुपारी दोन ते चार आवाज बंद. हे सगळं गरजेचं आहे, पण यात स्लॅबचा उल्लेख कुठेच नाही.

म्हणून प्रत्येक सोसायटीने एका कागदावर पाच गोष्टी मागाव्यात. काय तोडणार याचं साधं रेखाचित्र. जुना कोबा काढणार की नाही. भिंत किंवा जागा हलणार असेल तर इंजिनिअरचं पत्र आणि पालिकेकडे दिलेल्या नोटिशीची प्रत. डेब्रिज कुठे टाकणार. आणि टाइल्स बसवण्याआधी पाँडिंग टेस्ट : न्हाणी ट्रॅप बंद करून बाथरूममध्ये पाणी भरायचं, किमान दोन दिवस ठेवायचं आणि खालच्या घरात जाऊन छत पाहायचं. त्या कागदावर खालच्या शेजाऱ्याची सही हवी. ओल पहिल्यांदा त्याच्याच घरात उतरते, म्हणून काम उरकलं की नाही हे सांगण्याचा पहिला हक्कही त्याचाच. ती सही होईपर्यंत समितीने डिपॉझिट परत करू नये.