गुप्त कोण : रोग की रोगी?

लग्न जुळविताना पत्रिकेऐवजी रक्ताचा दाखला पाहावा, असे म्हणण्याची आमच्या सुशिक्षित मंडळींत एक चाल पडली आहे. पत्रिकेपेक्षा रक्त अधिक खरे बोलते, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु ही मंडळी एवढ्यावर थांबत नाहीत. तपासणी सक्तीची असावी, तिचा निकाल दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांच्या हाती पडावा, आणि जे दवाखाने हा निकाल खुद्द रोग्यावाचून कोणासही सांगत नाहीत ते दुराचारावर पांघरूण घालतात, असा त्यांचा पुढचा आग्रह असतो. ‘ज्याने काही केलेच नाही त्याला लपवावयाचे कशाला?’ हा सवाल तर ठेवलेलाच. हा सवाल वरून बिनतोड दिसतो. परंतु तो ज्या घरांत विचारला जातो त्याच घरांत त्याचे उत्तर डोळ्यांआड दडलेले असते.

प्रथम नावाविषयी. गरमी आणि परमा या रोगांना आमच्या भाषेने ‘गुप्त रोग’ म्हटले. वास्तविक या रोगांत आता गुप्त असे फारसे उरलेले नाही. गरमीचा जंतू १९०५ साली सूक्ष्मदर्शकाखाली सापडला. १९०६ साली वासरमानने रक्ताची कसोटी दिली. १९४३ साली पेनिसिलिनने तो रोग बरा होतो हे दिसून आले. आज गरमी लवकर ओळखली गेली तर चोवीस लक्ष युनिटांच्या बेंझाथिन पेनिसिलिनचे एक वेळचे इंजेक्शन पुरते. म्हणजे जे विशेषण रोग्याला द्यावयाचे ते आम्ही रोगाला देऊन बसलो. रोगाचे नाव घरात उच्चारावयाचे नाही, आणि रोगी सापडला की त्याची मात्र दवंडी पिटावयाची! र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवून असले विषय मराठीत उघडपणे छापले; पण त्यांच्यावर खटले झाले ते आमच्याच शिष्टपणाच्या नावाने.

या उफराट्या गुप्ततेचा खरा लाभ कोणाला झाला, हे रेल्वेमार्गालगतच्या भिंती वाचून कोणासही कळेल. असल्या रोगांवरील औषधांच्या जाहिराती १९५४ च्या कायद्याने मना केल्या. तरी ‘हमखास गुण’ देणाऱ्या महाभागांची नावे चुन्याने रंगविलेली दिसतातच. पदवीधर माणूससुद्धा तेथे जातो, याचे आमच्या मंडळींस मोठे नवल वाटते. आम्हांस ते वाटत नाही. भोंदूला वैद्यक येत नसेल, पण एक गोष्ट पक्की येते : तो नाव विचारीत नाही.

आता त्या बिनतोड सवालाकडे वळू. परमा काय किंवा क्लॅमिडिया काय, स्त्रीच्या शरीरात हे रोग पुष्कळदा कसलेही लक्षण न दाखविता राहतात. ठणका नाही, ताप नाही, तक्रार नाही. आतल्या आत गर्भनलिका सुजतात, कधी बुजतात; आणि मग नवस होतात, उपास होतात, दुसऱ्या लग्नाची कुजबुज होते. गरमी असलेल्या गर्भवतीवर वेळेवर उपचार न झाले तर मूल पोटात दगावते किंवा रोग घेऊनच जन्मास येते. सरकारी ‘सुरक्षा क्लिनिक’ लक्षणे पाहून निरनिराळ्या रंगांच्या पाकिटांतून औषधे देतात. व्यवस्था उपयुक्त आहे, परंतु जिला लक्षणच नाही तिला कोणत्या रंगाचे पाकीट द्यावयाचे? तिच्यासाठी उपाय एकच, तक्रार नसतानाही तपासणी. आणि आमच्या घरांत आधी तपासले जाते कोणाचे रक्त? गर्भवतीचे. नवऱ्याच्या दंडाला सुई टोचण्याचा प्रसंग सहसा येतच नाही. म्हणून रोग घरात आणतो एक, आणि तो प्रथम सापडतो दुसरीच्या रक्तात. तो कागद सासऱ्यांच्या हाती पडला म्हणजे माहेरची वाट कोणाला दाखविली जाते, हे सांगावयास नको. ज्याने काही केलेच नाही त्याला लपवावयाचे कशाला, असे विचारता ना? जिने काही केलेच नाही तिलाच सर्वांत अधिक लपवावे लागते!

सक्तीची महती गाणारांनी थोडा इतिहासही चाळावा. १८६८ साली हिंदुस्थानात सांसर्गिक रोगांचा कायदा झाला. वेश्यांची नोंदणी, ठरलेल्या वेळी बळजबरीची तपासणी, आणि रोग आढळल्यास रुग्णालयात डांबणे, असा त्याचा खाक्या होता. त्यांच्याकडे जाणाऱ्या पुरुषांची तपासणी त्या कायद्यात नव्हती. स्त्रिया नोंदणी चुकवू लागल्या, रोग होता तेथेच राहिला, आणि १८८८ साली कायदा रद्द करावा लागला. इंग्लंडनेही घरी तसलेच कायदे करून मोडले आणि १९१६ साली उलट वाट धरली : उपचार फुकट आणि नाव गुप्त. पुढच्याच वर्षी भोंदूंच्या उपचारांवर बंदी आली. हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. आधी निर्भय दार उघडले, मग चोरदार बंद केले.

आमच्या शेजारचे उदाहरण त्याहून बोलके आहे. १९८९ साली गोव्यात डॉमिनिक डिसूझा या नियमाने रक्तदान करणाऱ्या तरुणाच्या रक्तात एचआयव्ही आढळला. त्या वेळच्या तेथील कायद्याप्रमाणे पोलिसांनी त्याला उचलले आणि म्हापशाच्या एका जुन्या क्षय-रुग्णालयात ६४ दिवस एकटे कोंडून ठेवले. त्याने केले होते ते रक्तदान. हे पाहून किती जण आपले रक्त तपासावयास आपण होऊन गेले असतील? तरीही २००६ साली त्याच गोव्यात लग्नापूर्वीची सक्तीची तपासणी आणण्याचा मनोदय सरकारने जाहीर केला. त्या वेळी तो तडीस गेला नाही, हे बरेच झाले. कारण लागण ताजी असता काही आठवडे तरी रक्त निर्दोष दिसू शकते, आणि लग्नानंतरच्या वर्तनाविषयी तर लग्नापूर्वीचा दाखला बोलूच शकत नाही.

येथे एक आक्षेप मात्र खरोखर वजनदार आहे. नियोजित वधूला अंधारात ठेवावयाचे काय? मुळीच नाही. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने, रुग्णालयाने वराचा एचआयव्ही वधूपक्षाला कळविला म्हणून गोपनीयतेचा भंग झाला नाही, असा निर्णय दिला. पुढे २०१७ चा कायदा झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून तो अमलात आला. त्याने तपासणीला संमती आणि निकालाला गुप्तता आवश्यक ठरविली. तरी रोगी आपण होऊन सांगत नाही आणि जोडीदाराला धोका आहे असे दिसल्यास, रोग्याला तसे बजावून डॉक्टरला त्या जोडीदारास सांगण्याची मुभा ठेवली. सांगावयाचे ते जिच्या जिवाचा प्रश्न आहे तिला. मामा-काकांच्या बैठकीला नव्हे. पण हा कायदा एचआयव्हीपुरताच आहे. गरमीच्या आणि परम्याच्या रोग्याची अब्रू डॉक्टरच्या सदाचारावरच सोडलेली आहे, आणि आमच्या सुधारकांनी आपली शक्ती खर्चावयाची असेल तर ती येथे खर्चावी.

शिवाय गुप्तता डॉक्टरच्या खोलीत सुरू होत नाही, केसपेपरच्या खिडकीपाशी होते. एका मोठ्या रुग्णालयात आम्ही दुसऱ्याच कामासाठी बसलो होतो. या तपासणीच्या खोलीवर दुरून वाचता येईल अशी पाटी होती, आणि दाराशी बसलेला कारकून हातातला कागद पाहून रोग्यांची नावे आडनावासकट पुकारीत होता. त्याला क्रमांक पुकारावयास कोणी शिकविले नव्हते, एवढाच काय तो त्याचा दोष. आमच्या बाकावर विशीतला एक तरुण अर्धा तास खाली मान घालून बसला होता. त्याचे नाव पुकारले गेले तेव्हा समोरच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी सहज वळून पाहिले. तरुण उठला, जणू आपला काही संबंधच नाही अशा चालीने औषधांच्या खिडकीपर्यंत गेला, तेथे क्षणभर उभा राहिला आणि फाटकाबाहेर पडला. कारकुनाने त्याचे नाव आणखी दोनदा पुकारले.