सेशन मेलं तरी चालेल, अर्ज जगू द्या

"आपले सत्र समाप्त झाले आहे. कृपया पुन्हा लॉगिन करा." मराठीतलं सगळ्यात निर्दयी वाक्य कुठलं असं कुणी विचारलं, तर मी हेच सांगेन.

आमच्या आष्ट्यात बरेच लोक अर्ज भरायला नेट कॅफेत किंवा सेवा केंद्रात जातात. मग सातबारा पिशवीतून शोधायचा, ओटीपीसाठी घरी पोराला फोन लावायचा, तेवढ्यात लाईट जायची. आणि पीएचपीत सेशनची मूळ मुदत किती? १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटं! ती वाढवता येते, पण आठवणीने वाढवावी लागते.

(आमच्या काकूसाठी: वेबसाईटला स्मरणशक्ती नसते. प्रत्येक क्लिकला तुम्ही तिला नवेच. म्हणून १९९४ मध्ये नेटस्केपच्या लू मोंटुलींनी कुकी काढली. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर मिळणारा बिल्लाच तो. बिल्ला तुमच्याकडे, चपला सर्व्हरकडे. ते कप्पे म्हणजे सेशन.)

पाच पानी अर्जाची पहिली चार पानं प्रोग्रामर या कप्प्यात टाकतो, कारण ते सोपं असतं. मुदत संपली की कप्पा रिकामा. त्याहून वाईट म्हणजे, केंद्रवाला घाईत दोघांचे अर्ज दोन टॅबमध्ये उघडतो. ब्राउझर एक, बिल्ला एक, कप्पाही एकच. मग एकाचं नाव आणि दुसऱ्याचं बँक खातं एकाच अर्जात जाऊ शकतं. हे तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

डिसेंबर २०२० मध्ये १४,२३४ ग्रामपंचायतींच्या निवडणुकीचे अर्ज ऑनलाइन घेताना सर्व्हरने मान टाकली, आणि आयोगाला अखेर कागदी अर्ज घ्यायची मुभा द्यावी लागली. तिथे दोष सेशनचा होता असं मी म्हणत नाही. पण चहाला उठलं म्हणून कागदावरचं पुसलं जात नाही, एवढं खरं.

मुदत काढूनच टाका, असं काही मित्र म्हणतात. मला ते पटत नाही. कॅफेतल्या कॉम्प्युटरवर तुमचा आधार नंबर पुढच्या गिऱ्हाइकाला दिसला तर? सेशन मेलंच पाहिजे. फक्त त्यात ओळखीपुरतंच ठेवा. भरलेला मजकूर प्रत्येक "पुढे"ला डेटाबेसमध्ये कच्चा अर्ज म्हणून जाऊ दे, आणि प्रत्येक अर्जाला वेगळा नंबर द्या, म्हणजे टॅबची सरमिसळही थांबेल. पुन्हा लॉगिन केलं की माणूस थेट चौथ्या पानावर.

डेटाबेस तुंबेल म्हणता? तीस दिवसांनी पुसा की अर्धवट अर्ज. फक्त आधी एक एसेमेस पाठवा.