उत्तरायण : शेजारचे सेवादांपत्य



गेल्या वर्षी ज्येष्ठ महिन्यात आम्ही उभयता लेकीकडे इंग्लंडमधील लेस्टर येथे गेलो आणि चार महिने राहिलो. या गावातील जैन सेंटर अनेक वाचकांनी पाहिले असेल. मुळात ख्रिस्ती प्रार्थनामंदिर असलेली ही वास्तू समाजाने विकत घेऊन तिचे जिनालय केले आणि १९८८ मध्ये तेथे प्रतिष्ठा झाली. श्वेतांबर, दिगंबर आणि स्थानकवासी असे सर्व एकाच छताखाली तेथे आपापली आराधना करतात. आफ्रिकेतून विस्थापित होऊन आलेल्या व्यापारी कुटुंबांनी परक्या मुलखात उभे केलेले ते वैभव पाहून मन भरून आले. परंतु आज लिहायचे आहे ते मंदिराविषयी नव्हे, तर लेकीच्या शेजारच्या घरात राहणाऱ्या एका वृद्ध अमेरिकन दांपत्याविषयी.

दोघांच्याही कोटावर नावाची काळी पट्टी असे. ते मॉर्मन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ख्रिस्ती पंथाचे. १८३० मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या या पंथाचे मुख्य केंद्र युटा राज्यातील सॉल्ट लेक सिटी येथे आहे. या पंथातील तरुण मुलगे दोन वर्षे आणि मुली दीड वर्ष घर सोडून धर्मप्रसाराला जातात, हे काहींनी ऐकले असेल. मला ठाऊक नव्हते ते असे की, मुलाबाळांच्या जबाबदारीतून मोकळी झालेली, प्रकृतीने धड असलेली वृद्ध दांपत्येही अशीच सेवेला निघतात. कोणी सहा महिने, कोणी वर्षभर, तर कोणी दीड-दोन वर्षे. वैद्यकीय तपासणी होते. आपली इच्छा कळवता येते. पण कोठे जायचे हे शेवटी पंथाचे वरिष्ठ ठरवतात. खर्च ज्याचा त्याने करायचा. प्रत्येकाने दारोदार फिरून उपदेश करायचा, असेही नाही. कोणी कार्यालयाचे हिशोब पाहतो, कोणी जुन्या वंशावळींच्या नोंदी लावतो, कोणी छोट्या मंडळीतील आजारी व एकाकी माणसांची विचारपूस करतो. आमच्या शेजाऱ्यांकडे हे शेवटचे काम होते.

पहिल्या भेटीत गंमतच झाली. मी चहा ठेवला, तर आजींनी नम्रपणे हात जोडले. त्यांच्या पंथात चहा, कॉफी, मद्य आणि तंबाखू वर्ज्य. दोन दिवसांनी त्या मोठ्या प्रेमाने बटाट्याचा एक भाजलेला पदार्थ घेऊन आल्या, तेव्हा हात जोडण्याची पाळी माझी होती. लेकीने कंदमुळांचा नियम समजावून सांगितला. आजींनी तो वहीत टिपून घेतला आणि पुढे आमच्याकडे येताना त्या नेहमी सफरचंदे आणू लागल्या. जूनमध्ये तेथे सूर्य रात्री साडेनऊच्या सुमारास मावळतो, म्हणून आमचे रात्रिभोजन-त्यागाचे व्रत सहज सांभाळले जाई. मार्गशीर्षात मात्र चारच्या आधीच अंधार पडतो, असे लेक सांगे. आजोबांना याचे फार कुतूहल वाटे. त्यांच्याकडेही दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वेळचे जेवण सोडतात आणि वाचलेले पैसे गरजूंसाठी देतात. उपवासाला दान जोडण्याची ही रीत मला आपल्या घरातलीच वाटली.

अंतर नव्हते, असे मात्र नाही. ते जगाचा कर्ता ईश्वर मानतात, आपण मानत नाही. दुसऱ्याला आपल्या पंथात आणणे हे ते पुण्यकार्य समजतात. आपल्या श्रावकाला तसे व्रत नाही. एके दिवशी आजोबांनी त्यांचा ग्रंथ आम्हाला देऊ केला. यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि परत देत म्हणाले, "तुमचा ग्रंथ तुमच्या हातात शोभतो." लेकीने भाषांतर केले. आजोबा हसले आणि पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. स्नेह मात्र वाढतच गेला.

आता मुद्द्याकडे येते. बार्शीच्या मार्केट यार्डात आमचे आडत दुकान आहे. तीन वर्षांपूर्वी यांनी मुलाला गादीवर बसवले, नारळ फोडला, सर्वांना पेढे वाटले. किल्ल्या त्याच्या हाती दिल्या. पण दुकान दिले का? लेस्टरला असताना हे रोज पहाटे सहाला उठून फोन लावत, कारण तेव्हा बार्शीत साडेदहा वाजलेले असत. आवक किती, भाव काय निघाला, कोणत्या गिऱ्हाइकाची उधारी थकली, दिवाणजी वेळेवर आले का, सगळी विचारपूस होई. लेकीच्या घरात चहाआधी तुरीचा भाव समजे.

भाद्रपदात, दशलक्षण पर्वाच्या दिवसांतच, मुलाने स्वतःच्या निर्णयाने साठवणीतील तीनशे पोती तूर विकली. आठवड्याने भाव चढला. यांनी फोनवरून त्याला बोल लावले, आणि पलीकडे दिवाणजी व दोन हमाल ऐकत होते. मुलगा शांतपणे म्हणाला, "अण्णा, एक तर तुम्ही गादीवर येऊन बसा, नाहीतर मला खरोखर बसू द्या. असे अधांतरी मला जमत नाही." फोन बंद झाला. त्या दिवशी हे जेवले नाहीत. पर्वातील उपवास म्हणावा, तर त्यात शांती नव्हती.

संध्याकाळी शेजारचे आजोबा अंगणातील पाने गोळा करत होते. यांचा चेहरा पाहून त्यांनी विचारले, आणि लेकीच्या तोंडून सारी हकीकत त्यांच्यापर्यंत पोहोचली. तेव्हा कळले की, आयडाहो राज्यात त्यांचेही शेतीच्या यंत्रांच्या सुट्या भागांचे दुकान होते. सेवेला निघण्याआधी त्यांनी ते मुलाला दिले. पाच महिन्यांनी मुलाने दुकानातील दुरुस्तीचा विभाग बंद केला. तोच विभाग आजोबांनी तीस वर्षे स्वतःच्या हातांनी चालवला होता. "मग तुम्ही त्याला काय म्हणालात?" यांनी विचारले. आजोबा म्हणाले, "काही नाही. खूप चाललो. मग ज्या म्हातारबुवांना औषध नेऊन द्यायचे होते, त्यांच्याकडे गेलो. मी दुकान दिले होते, भाड्याने दिले नव्हते."

आजी मात्र तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "घरी असते तर हे रोज दुकानात जाऊन बसले असते. म्हणून तर आम्ही इतक्या लांब आलो." घर सोडल्यानंतर त्यांना एक नातवंड झाले होते. त्याला त्यांनी अजून मांडीवर घेतले नव्हते, केवळ फोनच्या पडद्यावर पाहिले होते. हे सांगताना त्यांचा आवाज कापला. सेवेची किंमत त्यांनी लपवली नाही, म्हणूनच ती मला खरी वाटली.

त्या रात्री मला श्रावकाच्या अकरा प्रतिमा आठवल्या. पाठशाळेत आपण त्या तोंडपाठ केल्या. पण त्यांच्या क्रमाचा विचार किती जणांनी केला? आठवी आरंभ-त्याग, म्हणजे व्यवसायाची खटपट सोडणे. नववी परिग्रह-त्याग. आणि त्यानंतर, दहाव्या पायरीवर, अनुमती-त्याग : घरातील व व्यापारातील गोष्टींत संमती, सल्ला किंवा मत न देणे. धन सोडण्याच्याही वरची पायरी आचार्यांनी मत सोडण्याला दिली आहे. मनुष्यस्वभाव त्यांना किती अचूक ठाऊक होता! तिजोरीची किल्ली कमरेची सुटते, पण "मी सांगतो तसे कर" हे जिभेवरून सुटत नाही.

यांना दोष देऊन मी मोकळी होणार नाही. आमच्या स्वयंपाकघरात सूनबाई येऊन सहा वर्षे झाली. तरी लोणच्याच्या बरणीत मीठ किती, हे आजही मीच ठरवते. दुकानाची गादी दिसते, चुलीपुढची गादी दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

सेवेसाठी परक्या वस्तीत जाणारे दांपत्य ही कल्पना आपल्याला परकी आहे का? मुळीच नाही. वैयावृत्त्य हे आपल्याकडे अंतरंग तपांत गणले आहे. कर्मवीर भाऊराव पाटील हे आपल्याच समाजातले. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीला बसत. त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, अगदी मंगळसूत्रसुद्धा मोडले. तो संसार दोघांचा होता आणि ती सेवाही दोघांची होती. आपण मात्र बहुधा देणगी देतो, फलकावर नाव कोरून घेतो आणि परत येऊन गादीवर बसतो. देणगी थोरच आहे. पण तिच्यात आपले दिवस नसतात.

दिवाळीला वहीपूजनाच्या वेळी यांनी लेखणी मुलाच्या हाती दिली. "श्री" त्याने लिहिले. यांचा हात दोनदा पुढे झाला, दोनदा मागे आला. मी पाहत होते. पौषात आम्ही दोघे तीन महिन्यांसाठी कोकणातील एका मुलांच्या वसतिगृहात राहायला गेलो. तेथे यांना कोणी शेठ म्हणत नव्हते. पहिल्याच दिवशी यांनी तेथील व्यवस्थापकांना धान्य कोठून घ्यावे हे सांगायला सुरुवात केली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "काका, आधी मुलांच्या वह्या तपासून द्याल का?" हे वह्या तपासू लागले. मी स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होते आणि भाजीत मीठ किती, हे तेथील मावशी ठरवत होत्या. दुकानाला फोन आठवड्यातून एकदाच, रविवारी. दोन रविवार हा नियम मोडला, हेही प्रांजळपणे सांगते. तिसऱ्या महिन्यात मात्र मुलाचाच फोन आला : "अण्णा, एक सौदा आहे, तुमचे मत हवे होते." यांनी मत दिले, आणि शेवटी म्हणाले, "पण ठरव तू." हे तीन शब्द मी लग्नानंतरच्या बेचाळीस वर्षांत प्रथमच ऐकले.

साठी ओलांडलेल्या वाचक दांपत्यांना माझी विनंती आहे. प्रकृती तपासून घ्या, तीन महिन्यांपासून प्रारंभ करा, स्वखर्चाने जा आणि दोघांनी मिळून जा. जेथे आपल्याला कोणी ओळखत नाही, असे गाव निवडा. पद घेऊ नका. जे काम पडून आहे ते विचारून घ्या. आणि जाण्यापूर्वी, घरच्या फोनचा वार ठरवा.

लेस्टरचे आजी-आजोबा आता आयडाहोला परतले आहेत. नातवंड मांडीवर बसल्याचे छायाचित्र आजींनी पाठवले, आणि त्याखाली रोमन अक्षरांत, पण आपल्याच भाषेत लिहिले होते : जय जिनेंद्र.