वस्तरा घेताय? जरा दमानं!

परवा रात्री साडेअकराला एका मित्राचा फोन. 'अरे, तू तो सलूनवाला वस्तरा वापरतोस ना? मलाही घ्यायचाय. एक भन्नाट किट दिसलंय. लाकडी पेटी, वस्तरा, ब्रश, वाटी, साबण, चामड्याचा पट्टा... सगळं एकदम! आणि फक्त अडीच हजार. मागवू?'

मी जवळजवळ ओरडलोच, 'थांब!'

कारण मंडळी, अशीच एक पेटी दोन वर्षांपूर्वी मी मागवली होती. मानधन जमा झालं होतं, डोक्यात हवा होती आणि चार कार्ट्रिजच्या पाकिटाची किंमत बघून दर महिन्याला होणारा संताप तर होताच. म्हटलं, एकदाच काय ते घ्यावं, आयुष्यभर पुरेल. पेटी आली. आतून मखमल, काळी मूठ, चकाकणारं पातं. फोटो काढले, स्टेटस टाकलं. दुसऱ्या दिवशी बहिणीचा साखरपुडा होता, म्हणून मुहूर्तही झकास जुळून आला होता!

फेस केला, वस्तरा गालावर ठेवला, ओढला. केस कापलेच गेले नाहीत, नुसते उपटले गेले. वाटलं, जोर कमी पडतोय. दिला जोर. साखरपुड्याच्या सगळ्या फोटोंत माझ्या हनुवटीवर दोन इंचांची पट्टी आहे. आई अजूनही अल्बम उघडला की आधी तेच पान काढते.

चार दिवसांनी पेटी घेऊन आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या सलूनमध्ये गेलो. तिथल्या काकांनी माझ्या बाबांची लग्नाच्या दिवशीची दाढी केलेली. त्यांनी पातं उजेडात धरलं, मनगटावरच्या केसांवरून एकदा फिरवलं आणि परत माझ्या हातात ठेवलं.

'छान आहे. ब्रेडला लोणी लावायला.'

'म्हणजे?'

'अरे, याला धार लावलेलीच नाहीये कुणी. हा नुसता आकार आहे वस्तऱ्याचा.'

तर दोस्तहो, अडीच हजारांचं शहाणपण आज फुकट देतो. किट घेताना आपण पेटी बघतो, मूठ बघतो, वस्तू मोजतो. पैसे मात्र द्यायचे असतात धारेचे. ती फोटोत दिसत नाही. कारखान्यातून आलेलं पातं बरेचदा दाढी करण्याइतकं धारदार नसतंच. कुणीतरी ते दगडावर बसून तयार करावं लागतं. म्हणून विकणाऱ्याला पहिला प्रश्न हाच : धार कोणी लावली, कशी लावली? उत्तर धड मिळालं नाही तर पेटी कितीही देखणी असू दे, राम राम!

आता पातं. वस्तऱ्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागांत मोजतात. पहिल्यांदा घेणाऱ्यानं ५/८ किंवा ६/८ घ्यावा. त्याहून अरुंद पातं हातात फार नाचतं, रुंद पातं नाकाखाली अडचण करतं. टोक गोल हवं. चौकोनी, अणकुचीदार टोक दिसायला एकदम हीरो, पण कानाच्या पाळीला विचारा! पात्याच्या दोन्ही बाजू आतून कोरून काढलेल्या असतात, त्याला हॉलो ग्राइंड म्हणतात. हाफ किंवा फुल हॉलो, दोन्ही चालतं. स्टील कार्बनचं असेल तर धार तुलनेनं सहज लागते, पण आपल्या पावसाळ्यात गंजही तितक्याच सहज लागतो. स्टेनलेस त्या मानानं सोशिक.

नाव बघायचंच असेल तर जर्मनीतलं सोलिंगन बघा. या गावाच्या नावाला तिथं १९३८पासून कायद्याचं संरक्षण आहे, कुणीही उठून पात्यावर ते कोरू शकत नाही. डोव्हो आणि बोकर तिथलेच. फ्रान्समध्ये तिएर-इसार. पण नवा घ्यायचा तर दहा हजारांच्या पुढची तयारी ठेवा. म्हणून बरेच शौकीन जुने वस्तरे शोधतात. जुन्या बाजारात मिळाला तर तीन गोष्टी तपासा : धारेच्या कडेवर गंजाचे खड्डे नकोत, बारीकशीही चीर नको आणि मिटताना पातं मुठीला घासायला नको. मागच्या बाजूचा डाग चालेल, कडेवरचा नाही. आणि तो निर्जंतुक करून, धार लावून घेतल्याशिवाय चेहऱ्याजवळ नेऊ नका. रक्तातून पसरणारे आजार वस्तरा कुणाचा होता ते विचारत नाहीत.

पट्टा हवाच. प्रत्येक दाढीआधी पातं त्यावर फिरवायचं. आधी कापडी बाजूवर वीस-तीस फेऱ्या, मग चामड्यावर पन्नास-साठ. जाड पाठ पुढे, धार मागे, आणि वळवताना पातं पाठीवरच पालटायचं. उलटं केलंत तर पट्टा कापलात म्हणून समजा. आपण सगळे एकदा तरी कापतोच! म्हणून पहिला पट्टा स्वस्तातला घ्या.

धारेचे दगड? आत्ता नकोत. एक हजार ग्रिटपासून बारा हजारपर्यंतचा तो सगळा संसार फार मोहात पाडतो. पण चांगली धार लागते कशी हे गालाला कळण्याआधी ती लावायला बसलात, तर पातं आणि पैसे दोन्ही झिजतील. नीट पट्टा मारला तर पहिली धार काही महिने जाते. तोवर धार लावून देणारा माणूस माहीत असला की पुरे. ब्रश साधा सिंथेटिक चालतो, साबण चांगला घ्या, वाटी स्वयंपाकघरातून ढापा. आणि तुरटीचा खडा. दहा-वीस रुपयांत येतो आणि किटमधली सगळ्यात प्रामाणिक वस्तू तोच : चुकलात की झोंबून सांगतो.

आणि ही हौस टिकेल की नाही याचीच शंका असेल तर? अर्धं ब्लेड घालायचा सलूनमधला वस्तरा घ्या. शंभर-दोनशेत काम होतं, धारेची कटकट नाही. पण सांभाळून. तो हलका असतो, धार अगदी कोरी असते आणि चुकीला माफी नसते.

हे सगळं ज्ञान माझं नाही बरं का. काकांचं आहे. त्या दिवशी त्यांनी ड्रॉवरमधून तेलकट फडक्यात गुंडाळलेला एक वस्तरा काढला. वडिलांचा. नव्वदच्या दशकात एड्सच्या भीतीनं गिऱ्हाइकं ब्लेड मागायला लागली, तेव्हापासून तो आत गेलेला. मी अगदी उत्साहात म्हटलं, 'काका, मला शिकवाल?'

ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, 'अकराव्या वर्षी वडिलांनी मडक्याला फेस लावून समोर ठेवलं. मडकं झालं की गावातली म्हातारी माणसं. वर्षाला पायली-दोन पायली धान्य यायचं घरी. तुला हौस आहे म्हणून शिकतोयस. मला कुणी विचारलं नव्हतं.'

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी ज्याला 'व्हिंटेज' म्हणत होतो, ते त्यांचं बालपण होतं. त्यांचा मुलगा बँकेत आहे, त्याला वस्तरा धरताही येत नाही, आणि काकांना त्याचा आनंदच आहे.

तरी त्यांनी शिकवलं. सलून बंद असायचं त्या सोमवारी, सलग चार सोमवार. पहिल्या सोमवारी मडकंच! दुसऱ्या सोमवारी फक्त दोन गाल. गरम पाण्यानं दाढी मऊ करायची, पातं साधारण तीस अंशांत धरायचं, दुसऱ्या हातानं कातडी ताणायची, केस उगवतात त्याच दिशेनं ओढायचं. जोर शून्य. पातं आडवं सरकवायचं नाही, कधीच नाही. हनुवटी आणि ओठ तिसऱ्या सोमवारनंतर, तोवर तिथं नेहमीचा रेझर. आणि वस्तरा हातातून निसटला तर पकडायला जायचं नाही, पाय मागे घ्यायचे. दाढी झाली की पातं कोरडं पुसायचं, शिलाई मशिनच्या तेलाचा थेंब द्यायचा आणि बाथरूमबाहेर ठेवायचं.

फी विचारली तर म्हणाले, 'दाढीचा दर बोर्डावर आहे. शिकवणीचा बोर्ड अजून लावला नाही.' मग मी दर सोमवारी चार दाढ्यांचे पैसे ठेवायचो. ते शांतपणे मोजून घ्यायचे. मला ते फार बरं वाटायचं.

ती मखमली पेटीही वाया गेली नाही. त्या पात्यावर काकांनी दोन संध्याकाळी दगड चालवला, मग मान हलवली. स्टीलच मऊ होतं, धार टिकेना. आज त्यानं मी पाकिटं उघडतो. वापरतो तो वस्तरा साधा, जुना, ५/८, गोल टोकाचा, काकांनी धार लावलेला. रविवारी सकाळी वीस मिनिटं लागतात. त्या वीस मिनिटांत फोन हातात घेता येत नाही, हे तर बोनस!

तर मित्राला काय सांगितलं? पेटी मागवू नकोस. ते पैसे धारेला ठेव. येत्या सोमवारी ये, काकांना विचारून बघू. ते 'नाही' म्हणाले तर वाईट वाटून घ्यायचं नाही. 'हो' म्हणाले तर पैसे आधी ठेवायचे.

आणि हो, येताना एक मडकं आण!